खाणवाल्यांच्या पैशातून निसर्गसंवर्धन: घ्यावा की नाही?

बोरिवलीचा_बगळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बोरिवलीत आमचं एक छोटं निसर्गमंडळ आहे. रविवारी सकाळी नॅशनल पार्कात पक्षी बघायचे, पावसाळ्यात शाळेतल्या पोरांना फुलपाखरं दाखवायची, वर्षातून एकदा वडापाव खात सर्वसाधारण सभा उरकायची, एवढाच आमचा आवाका. आता दारात अचानक मोठी रक्कम येऊन उभी राहिली आहे. एका खाण कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च बघणाऱ्या) विभागाने विचारणा केली आहे. विदर्भात त्यांच्या खाणीभोवतीच्या जंगलात पक्षी-फुलपाखरांची नोंद करायची, त्याची गुळगुळीत कागदावर पुस्तिका काढायची, आजूबाजूच्या शाळांत निसर्गशिबिरं घ्यायची. करार तीन वर्षांचा. आकडा सांगत नाही, पण मंडळ स्थापन झाल्यापासूनचा आमचा सगळा जमाखर्च त्यापुढे चिल्लर आहे.

कार्यकारिणीत उभी फूट पडली आहे. ज्येष्ठ म्हणतात, पैसा पैसा असतो, काम चांगलं झालं म्हणजे झालं. तरुण म्हणतात, हात काळे होतील. माझी अडचण वेगळीच आहे. मी मसुदा दोनदा वाचला. त्यात धनेश आहे, खवले मांजर आहे, रानहळदीवर सुद्धा अर्धा परिच्छेद आहे. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माडिया आदिवासींची गावं मात्र एकाच ठिकाणी सापडली: 'मानवी हस्तक्षेप व त्याचे दुष्परिणाम' या तक्त्यात, गुरं चारणे आणि सरपण तोडणे यांच्या रांगेत. त्या तक्त्यात खाण नाही!

जाणकारांनी प्रकाश टाकावा. कंपनीचं नाव विचारू नये, सांगणार नाही.

---

कटिंग_चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. धागा शंभरी गाठणार.

---

बीकेसीतली_बाई

मी अशाच एका विभागात नोकरी करते (खाण कंपनी नाही), म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावीच लागते. पर्यावरण त्या यादीत आहे. जानेवारी २०२१ पासून नियम आणखी आवळले. न खर्चलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत सरकारी निधीत किंवा वेगळ्या खात्यात टाकावी लागते. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्याकडे पैसे खपवायची घाई सुटते. तुमच्यासारखी छोटी, स्वच्छ, भांडण न करणारी मंडळं तेव्हा सोन्यासारखी वाटतात. राग मानू नका, हे कौतुकच आहे.

तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कोणीतरी हो म्हणेल. मग ते काम तुम्ही का करू नये? निदान पक्षी तरी नीट ओळखले जातील.

---

खडकवासी

भूगर्भशास्त्रज्ञ आहे, हयात खाणीत गेली, त्यामुळे शिव्या खायला तयार होऊनच आलो आहे.

ज्या मोबाइलवर हा धागा लिहिला त्यात तांबं, निकेल, कोबाल्ट आहे. मेट्रोचा रूळ लोखंडाचा आहे. दहिसरपासून कुलाब्यापर्यंतच्या सगळ्या इमारती कुठलातरी डोंगर फोडूनच उभ्या राहिल्या. खाण नको म्हणणं सोपं, लोखंड नको म्हणून दाखवा.

दुसरं, पर्यावरणवाल्यांनी खाणवाल्यांशी बोलूच नये हा सोवळेपणा मला पटत नाही. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २००२ पासून आंतरराष्ट्रीय खाण कंपन्यांच्या परिषदेशी चर्चा सुरू केली. त्यातून २००३ मध्ये त्या परिषदेच्या सदस्य कंपन्यांनी जाहीर केलं की जागतिक वारसास्थळांत खाण काढणार नाही. तेव्हा हा फार मोठा शब्द होता. दारात उभं राहून घोषणा देऊन तो मिळाला नसता.

---

मुलुंडची_मुलगी

खडकवासी काका, पहिल्या परिच्छेदाला दंडवत. पण हा युक्तिवाद दर वेळी येतो. मोबाइल वापरता म्हणून बोलू नका! मग बोलायचं कोणी? ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी? त्यांचं ऐकतंय कोण?

---

पर्थकर_मूळचा_पार्ल्याचा

जागतिक वारसास्थळांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी पश्चिम ऑस्ट्रेलियात राहतो, तिथे २४ मे २०२० ला रिओ टिंटो या खाण कंपनीने पिलबारातल्या जुकान घळीतल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपर्यंतच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. पुटु कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांचं ते पवित्र स्थान. कशासाठी? सुमारे ८० लाख टन लोहखनिजासाठी.

आता गंमत ऐका. हे सगळं कायदेशीर होतं. राज्याच्या १९७२ च्या वारसा कायद्याखाली कंपनीला २०१३ मध्येच परवानगी मिळालेली होती. नंतर नवे पुरावे सापडले तरी त्या लोकांना परवानगीचा फेरविचार मागायची सोयच कायद्यात नव्हती. आणि रिओ टिंटो ही खडकवासी म्हणतात त्याच परिषदेची सदस्य. जुकान वारसायादीत नव्हती, त्यामुळे शब्दही मोडला नाही. बोभाटा झाल्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी गेले, गुहा काही परत आल्या नाहीत.

तेव्हा 'चर्चेतून काय मिळालं' याबरोबर 'चर्चेला कोण नव्हतं' हेही विचारा.

---

कटिंग_चहा

पार्ल्याचा माणूस पर्थला गेला तरी मुद्दा सोडत नाही. +१

---

कासवछाप

आपल्याकडचं उदाहरण विसरलात काय? ओडिशाचं धामरा बंदर. तेव्हा टाटा स्टील आणि एल अँड टी यांचा जोडप्रकल्प, मुख्यतः खनिज आणि कोळशाच्या वाहतुकीसाठी. जवळच गहिरमाथा, म्हणजे ऑलिव्ह रिडले कासवांचा जगप्रसिद्ध अंडी घालायचा किनारा, आणि भितरकनिका. आययूसीएन या प्रकल्पाची सल्लागार झाली. त्यांच्या सल्ल्याने गाळ उपसणाऱ्या यंत्रांच्या तोंडाशी कासवं आत ओढली जाऊ नयेत म्हणून अडसर बसवले, आणि पिल्लं दिव्यांमुळे भलतीकडे जाऊ नयेत म्हणून बंदरावरच्या दिव्यांचा आराखडा झाला.

कामं बरी होती, नाकारत नाही. पण भारतातल्या कासव अभ्यासकांनी आणि आययूसीएनच्याच काही भारतीय सदस्य संस्थांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बंदर तिथे असावं का, हा पहिला प्रश्न. दिवे कुठल्या रंगाचे असावेत, हा नंतरचा. सल्लागार आला की पहिला प्रश्न आपोआप निकालात निघतो आणि सगळे दुसऱ्यावर चर्चा करत बसतात.

अवांतर: ग्रीनपीसने यावर कासव विरुद्ध टाटा असा पॅकमॅनच्या धर्तीचा खेळ काढला होता. टाटांनी दिल्ली हायकोर्टात १० कोटींचा मानहानीचा दावा ठोकला. जानेवारी २०११ मध्ये कोर्टाने खेळावर बंदी घालायला नकार दिला.

---

डोंबिवलीचे_आजोबा

खेळाची लिंक असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करणे. नातवाला दाखवायची आहे.

---

चंद्रपुरी_मिरची

तुमी मुंबईकर फार लांब जाता बा. पर्थ काय, ओडिशा काय. ताडोबाचं ऐका.

ताडोबाच्या शेजारी लोहारा इथे अदानीला कोळशाचा पट्टा मिळाला होता. २००९ मध्ये आमच्या इथल्या इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरेंनी उपोषण केलं, चंद्रपूर-नागपूरचे वन्यजीववाले एक झाले, दिल्लीत जयराम रमेश मंत्री होते, आणि तो प्रकल्प बारगळला. म्हणजे वाघवाले खाणवाल्यांच्या खिशातच असतात असं सरसकट म्हणू नका. वाघ होता म्हणून लोहारा वाचलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही मीच सांगतो. त्याच ताडोबातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं उठली. गोंडांच्या तारू देवावरून ताडोबा नाव पडलं म्हणतात, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात यात्रा भरायची. आता तिथे जिप्सीतून जाणारा पर्यटक देवाच्या चार पावलं जवळून जातो आणि ज्याचा देव त्याला परवानगी काढा म्हणतात. कोळशाच्या खाणी जंगलाच्या भोवती आहेत त्या आहेतच. मग माणूस विचारतो, काहून भाऊ, माझी दहा बकऱ्या वाघाला जड झाल्या अन् हे डंपर नाही झाले?

हे विचारणारा माणूस अडाणी नाही. त्याला वाघ नको असंही नाही.

---

बोरिवलीचा_बगळा

मिरची भाऊ, शेवटचा परिच्छेद कार्यकारिणीत जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. आमचा तक्ता म्हणजे तेच झालं, बकऱ्या आहेत आणि डंपर नाहीत.

---

आरेची_लेक

मी वारली. आमचा पाडा आरेत आहे. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहिते.

मुंबईत जंगल वाचवायची गोष्ट निघाली की आमच्या पोटात गोळा येतो. नॅशनल पार्कासाठी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका पर्यावरण संस्थेने हायकोर्टात याचिका केली. १९९७ मध्ये आदेश आला आणि मग हजारो झोपड्या तुटल्या. ते अतिक्रमण होतं असं तुम्ही म्हणाल. पण त्याच नकाशात आमचे पाडेही होते. नकाशाला झोपडी आणि पाडा यातला फरक कळत नाही. आमची माणसं पार्क व्हायच्या आधीपासूनची, ते सिद्ध करायचं कशाने? आजोबांनी लावलेल्या आंब्याला कोणी सातबारा देत नाही.

मग २०१७ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूर पाडा उठवला. माणसं एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीत गेली. तेव्हा फार गर्दी नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत झाडं तोडायला सुरुवात झाली, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २१४१ गेली, तेव्हा अख्खी मुंबई आली. आली ते चांगलंच झालं, पोरांनी अटक करवून घेतली, आम्ही विसरणार नाही. पण फलकांवर आरे म्हणजे मुंबईची फुप्फुसं. आम्ही काय फुप्फुसात राहतो? आम्ही घरात राहतो.

बगळा दादा, तुम्ही रविवारी ज्या वाटेने पक्षी बघत जाता, त्या वाटेवर वाघोबाचं ठाणं आहे का बघा. बिबट्या आमच्याही कोंबड्या नेतो. आम्ही त्याला दिवाळीच्या आधी पुजतो. कोणी सीएसआर देत नाही त्याचा.

---

मुलुंडची_मुलगी

आरेची_लेक, लिहीत राहा प्लीज.

---

कांदिवलीची_काकू

अवांतर विचारते, रागावू नका. पावसाळ्याच्या तोंडावर बोरिवली स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. मी एकदा हौसेने आणली आणि घशाला अशी खाज सुटली की बोलायची सोय नाही. नीट कशी करायची?

---

आरेची_लेक

काकू, काकड घेतली नव्हती ना? शेवळाच्या जुडीसोबत आवळ्यासारखी हिरवी फळं देतात ती काकडं. ठेचून त्याचा रस घालायचा, चिंच पण चालते. शेवळाचा आतला पिवळा दांडा काढून टाकायचा, तो खाजरा. चिरून तेलात चांगलं परतायचं, मग सुकट किंवा कोलंबी. आणि विकणारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. शेवळं बागेत उगवत नाहीत, पहिल्या पावसात रानात वाकून वाकून शोधावी लागतात, आणि आता रानात शिरलं की गार्ड हटकतो.

---

कटिंग_चहा

धाग्याचा विषय खाणकाम, सर्वात उपयुक्त प्रतिसाद शेवळाची भाजी. मराठी आंतरजाल झिंदाबाद.

---

भांडुपचा_रंगारी

रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होतो, म्हणून एक वेगळी कडी जोडतो.

भिंतीचा पांढरा रंग पांढरा दिसतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. तो निघतो इल्मेनाइट नावाच्या काळ्या वाळूतून. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ती आहे. मादागास्करच्या आग्नेय टोकाला फोर-दोफँ इथे रिओ टिंटोची अशीच खाण आहे, मोठा हिस्सा कंपनीचा, छोटा तिथल्या सरकारचा. किनाऱ्यावरचं दुर्मिळ जंगल जाणार होतं. कंपनीने २००४ मध्ये जाहीर केलं की आम्ही निसर्गाचं नुकसान तर भरून काढूच, वर निव्वळ भर घालू. म्हणजे इथलं जंगल जाईल, पण दुसरीकडचं तेवढं किंवा जास्त जंगल वाचवू. नामवंत संवर्धन संस्था सल्ल्याला आणि भागीदारीला होत्या.

ते दुसरीकडचं जंगल म्हणजे बेमान्गिदी. तिथे गावं होती. लोक डोंगरउतारावर फिरती शेती करत. ती बंद झाली आणि लोकांना किनाऱ्याच्या रेताड जमिनीत कसावा (साबुदाण्याचा कंद) लावायची पाळी आली. रेतीत कसावा किती पोसणार? म्हणजे खाण एका गावाशेजारी आणि तिची भरपाई दुसऱ्या गावाने उपाशी राहून करायची. उधारी माझी, वसुली शेजाऱ्याकडून, असला हा हिशोब. २०१६ मध्ये कंपनीने 'निव्वळ भर' हे उद्दिष्टच सोडून दिलं आणि त्याच वर्षी तिच्या स्वतंत्र जैवविविधता समितीच्या सदस्यांनी राजीनामे दिले.

बगळेसाहेब, तुमची पुस्तिका उद्या कुठल्या भरपाईच्या फायलीला जोडली जाईल, हे विचारून घ्या.

---

खडकवासी

रंगारीसाहेब, माहिती अचूक आहे. पण राजीनामे दिले ते कोणी? संवर्धनवाल्यांनीच ना! म्हणजे आत बसलेली माणसं आंधळी नव्हती. आत होती म्हणून त्यांना कळलं आणि ती बाहेर पडल्यावर बातमी झाली. बाहेरच राहिली असती तर तुम्हाला बेमान्गिदीचं नाव तरी ठाऊक झालं असतं का?

---

कासवछाप

बारा वर्षांनी कळलं. तोवर कसावा लावून झाला होता.

---

जुना_वार्ताहर

नियमगिरीशिवाय हा धागा अपुरा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ओडिशात बातमीदारी केली आहे.

लांजीगढला वेदान्ताची अॅल्युमिना रिफायनरी, आणि वरच्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइट. डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा, नियमराजा हा त्यांचा देव. ऑगस्ट २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वनजमीन वळवायला मान्यता दिली, त्यातल्या अटी आज पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. वनजमिनीचं निव्वळ मूल्य म्हणून ५५ कोटी. वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यासाठी ५०.५३ कोटी. आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी. शिवाय दरवर्षी नफ्याच्या ५ टक्के किंवा १० कोटी, जे जास्त असेल ते, परिसर विकासाला. हा सगळा हिशोब दिल्लीत झाला. हत्ती, वाघ, साळिंदर यांच्या वाट्याला माणसांच्या चौपट रक्कम! कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण वन्यजीव आराखडा असला की प्रस्ताव 'संतुलित' दिसतो.

डोंगर या पैशाने वाचला नाही आणि अभयारण्यानेही नाही. तो वाचला जंगलात राहणाऱ्यांचे जंगल-जमिनीवरचे हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्याने. १८ एप्रिल २०१३ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धार्मिक आणि सामुदायिक हक्कांचं काय ते ग्रामसभा ठरवतील. शंभराच्या वर वस्त्या होत्या, राज्य सरकारने त्यातल्या १२ निवडल्या. प्रत्येक सभेला जिल्हा न्यायाधीश निरीक्षक. जुलै-ऑगस्टच्या पावसात, चिखलात, बंदुकधारी पोलिसांच्या गराड्यात सभा झाल्या. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली.

आता याच वनहक्क कायद्याविरुद्ध २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात कोण गेलं? काही वन्यजीव संवर्धन संस्था आणि निवृत्त वनाधिकारी. त्या याचिकेवर १३ फेब्रुवारी २०१९ ला दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना जंगलाबाहेर काढायचा आदेश आला आणि बोंब उठल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. त्या संस्था खाण कंपन्यांच्या सांगण्यावरून गेल्या असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण ज्या एका कायद्याने गावाला खाणीला नाही म्हणायची ताकद दिली, तोच रद्द व्हावा असं एखाद्या संवर्धन संस्थेला वाटत असेल, तर खाणवाल्यांना वेगळा वकील लावायची गरज काय?

---

खडकवासी

वार्ताहर साहेब, शेवटचं वाक्य टाळ्याखाऊ आहे. वनहक्काच्या नावाखाली खोटे दावेही झाले, जंगलं सपाट झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या याचिकेला सगळाच द्वेष चिकटवू नका.

---

जुना_वार्ताहर

खोटे दावे फेटाळायची तरतूद कायद्यातच आहे, ग्रामसभा, उपविभाग, जिल्हा अशा तीन पायऱ्या. त्यासाठी कायदाच उपटायचं कारण नाही.

---

डोंबिवलीचे_आजोबा

आमच्या वेळी असं नव्हतं.

---

मुलुंडची_मुलगी

आजोबा, तुमच्या वेळीच सगळी धरणं झाली :)

---

संपादक

कंपन्यांची आणि संस्थांची नावं सार्वजनिक नोंदी असतील तरच घ्यावीत. ऐकीव आरोपांचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

---

एटापल्लीकर

नेटवर्क आलं की लिहितो, त्यामुळे उशीर.

बगळा सर, नाव घेतलं नाही तरी माडिया म्हटल्यावर आमच्या भागाचं कळतं. आमच्याकडे सूरजागड हा लोहखनिजाचा डोंगर आहे. डोंगरावर ठाकूरदेव, जानेवारीत त्याची यात्रा, आजूबाजूच्या इलाक्यातली गावं येतात. ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ मध्ये दिला. २०१६ च्या डिसेंबरात नक्षल्यांनी तिथे ट्रक जाळले, २०२१ पासून खाण जोरात. आमच्या तालुक्याला पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू, वनहक्क लागू, आणि २०२२ मध्ये उत्पादन वाढवायची जनसुनावणी लागली कुठे? गडचिरोलीला, शंभर किलोमीटरच्या पलीकडे. ज्याच्या शेतावरून लाल चिखल वाहतो तो भाताची कापणी टाकून तिथे कसा जाईल सांगा. परवानगी ३० लाख टनांवरून १ कोटी टनांची झाली.

सगळे विरोधात आहेत असं खोटं सांगणार नाही. माझाच चुलतभाऊ खाणीत आहे, महिन्याला पगार येतो, घराला स्लॅब पडला. घरात यावरून भांडणं होतात. काही गावं म्हणतात नोकरी द्या, काही म्हणतात डोंगर द्या. पण हे आमचं आम्हाला ठरवू द्यायला पाहिजे होतं.

आता तुमच्या कामाबद्दल. पक्षी मोजणारे आमच्याकडे येतात. चांगली पोरं असतात. कंपनीच्या गेस्ट हाउसला उतरतात, कंपनीच्या गाडीतून फिरतात, सोबत कंपनीचा माणूस. गावात आले तर पिण्याच्या पाण्याबद्दल काय बोलायचं ते लोक बोलत नाहीत, सोबत कोण आहे ते बघतात. मग अहवालात येतं की गावाला तक्रार नाही.

यायचं तर या. फक्त आधी ग्रामसभेला पत्र लिहा. कंपनीमार्फत नाही, स्वतः. माडिया येत नसेल तर गावातलाच दुभाषी घ्या आणि त्याला मजुरी द्या. सभा नाही म्हणाली तर येऊ नका. आणि शाळेच्या शिबिरासाठी कंपनीच्या पैशाचं कौतुक नको, खनिजाच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) जिल्हा खनिज प्रतिष्ठानला जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के आणि लिलावातल्यांवर १० टक्के द्यावे लागतात. तो पैसा बाधित गावांचा हक्काचा आहे, उपकार नाही. तो कुठे जातो ते मुंबईत बसून विचाराल तर आमच्या जास्त कामाचं आहे.

---

चंद्रपुरी_मिरची

एटापल्लीकर भाऊ, सोळा आणे. प्रतिष्ठानाच्या पैशात रंगरंगोटी अन् कमानी किती झाल्या ते आमच्या जिल्ह्यातही विचारा.

---

ठाण्याचा_ठोकळा

कबूल करतो, सूरजागडवाल्या कंपनीचा शेअर माझ्याकडे आहे. काही वर्षांत कित्येक पट झाला. जनसुनावणी कुठे झाली हे आज पहिल्यांदा वाचलं. विकायचा की नाही हा वेगळा धागा काढतो.

---

कटिंग_चहा

वार्षिक सभेला जा आणि हाच प्रश्न विचारा की. भागधारक आहात, एटापल्लीकरांपेक्षा तुम्हाला ती सभा जवळ पडेल.

---

बीकेसीतली_बाई

इतकं वाचल्यावर माझ्या पहिल्या प्रतिसादात एक भर घालते. बगळा, मसुद्यात बघा, हे काम पर्यावरण मंजुरीच्या एखाद्या अटीसाठी आहे का? खाणीच्या मंजुरीत बहुतेक वेळा वन्यजीव आराखडा, जैवविविधता निरीक्षण अशा अटी असतात. कायद्याने जे करणं भागच आहे, तो खर्च सीएसआर म्हणून दाखवता येत नाही, हे कंपनी मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. तसं असेल तर एका दगडात दोन पक्षी मारणं चाललं आहे, आणि तुमची पुस्तिका शाळेत नव्हे, मंत्रालयाच्या फायलीत जाणार. मंजुरीपत्रं मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर असतात. अटींची यादी काढून ताडून बघा, तासाभराचं काम आहे.

दुसरं, गोपनीयतेचं कलम शोधा. 'कंपनीच्या लेखी संमतीविना निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत' अशा धर्तीचं. आमच्या नमुना करारात ते असतंच, खोडायला सांगितलं तर कधीकधी खोडतात.

---

बोरिवलीचा_बगळा

बाई, शंभर टक्के! परिवेशवर सापडलं. मंजुरीच्या अटींत 'नामांकित संस्थेमार्फत जैवविविधता अभ्यास' ही अट शब्दशः आहे. म्हणजे आम्ही नामांकित झालो, कोणी कळवलं नाही इतकंच.

गोपनीयतेचं कलमही आहे. काल त्यांच्या प्रतिनिधींशी बोललो. माणूस सज्जन वाटला. तीन गोष्टी मागितल्या: ते कलम खोडा, ग्रामसभांना आम्ही स्वतंत्रपणे लिहू आणि त्यांनी नाही म्हटलं तर जाणार नाही, आणि 'मानवी हस्तक्षेप'च्या तक्त्यात खाण, रस्ता आणि मालवाहतूक घाला. कलमाबद्दल म्हणाले, बघतो. ग्रामसभेबद्दल म्हणाले, "तुम्ही पक्ष्यांचे लोक, तुम्हाला ग्रामसभेचं काय करायचंय?" तक्त्याबद्दल हसले.

कार्यकारिणीत ज्येष्ठांचं म्हणणं अजून हेच की घ्या आणि आतून सुधारा. रविवारी मतदान आहे.

---

खडकवासी

मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं, कलम खोडून. खाणीच्या पाच किलोमीटरात कुठली प्रजाती कुठे होती याची नीट नोंद कोणाकडे नसेल, तर उद्या ती गावं कोर्टात गेल्यावर दाखवणार काय? तुमचीच वही लागेल. खोडलं नाही तर मात्र घेऊ नका, एवढं मीही म्हणेन.

---

आरेची_लेक

वही गावाकडे ठेवा मग. मूळ प्रत ग्रामसभेत, नक्कल कंपनीला.

---

एटापल्लीकर

हे जमेल. आमच्या ग्रामसभेकडे पेटी आहे, वनहक्काचे कागद तिच्यातच ठेवतो. पत्र मराठीत पाठवलं तरी चालेल, वाचून सांगणारी पोरं आहेत. फक्त कापणी झाल्यावरची तारीख टाका.

---

कांदिवलीची_काकू

मतदानाचा निकाल इथे टाका हो. आणि लेकी, यंदा काकडं मिळाली. रविवारी करणार आहे, सुकट घालून.